पट्टे घट्ट, रॅक सैल: गाडीच्या छतावरून कयाक नेण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पाच जणांच्या एका गटाचे, दोन गाड्यांचे आणि तीन कयाकचे, म्हणजे वल्हवायच्या अरुंद, लांबट होड्यांचे आहे. सहभागी व्यक्तींची ओळख, गाड्यांची मॉडेल्स आणि ठिकाण जाणीवपूर्वक गाळले आहे. वजने, मापे आणि घटनांचा क्रम मात्र गटाने प्रवासानंतर लगेच लिहून ठेवलेल्या टिपणांप्रमाणेच ठेवला आहे.

तीन कयाकपैकी एक फायबरग्लासची, समुद्रात चालवायची, ५.१ मीटर लांब आणि २६ किलो वजनाची होती. उरलेल्या दोन पॉलिथिलीनच्या, प्रत्येकी ३.१ मीटर लांबीच्या होत्या; एकीचे वजन २२ किलो आणि दुसरीचे २३ किलो. पहिली गाडी सेडान होती आणि तिच्या छतावर मुळात कोणतीही रेलिंग नव्हती, त्यामुळे रॅकचे, म्हणजे सामान बांधायच्या आडव्या दांड्यांचे, पाय दरवाजाच्या वरच्या कडेला क्लॅम्पने पकडावे लागत. दुसरी गाडी उंच, स्टेशन वॅगनच्या बांधणीची होती आणि तिच्या छतावर पुढून मागपर्यंत कारखान्यातच बसवलेली रेलिंग होती.

लांब कयाक लांब गाडीवर न्यावी असे सगळ्यांनी गृहीत धरले. हा निर्णय कोणी घेतलाच नाही, तो आपोआप झाला, आणि म्हणूनच पुढे त्याची सर्वात जास्त चर्चा झाली. सेडान एकूण लांबीने मोठी असली तरी तिचे छत आखूड होते; दोन आडव्या दांड्यांमध्ये, म्हणजे क्रॉसबारमध्ये, जेमतेम ७० सेंटीमीटर अंतर मिळत होते. दुसऱ्या गाडीवर तेच अंतर ९५ सेंटीमीटर होते. ५.१ मीटरची कयाक ७० सेंटीमीटरच्या आधारावर ठेवली की तिचा दोन मीटरहून अधिक भाग पुढे आणि तितकाच मागे अधांतरी राहतो, आणि वाऱ्याने टोकाला दिलेला प्रत्येक धक्का त्या लांब तरफेमुळे वाढून दांडीवर येतो.

वजनाचा हिशेब मात्र गटाने काळजीपूर्वक केला होता. सेडानच्या मॅन्युअलमध्ये छतावरील भाराची मर्यादा ७५ किलो होती आणि रॅकवरील लेबलवर ७० किलो, तेव्हा दोहोंपैकी कमी असलेला आकडा धरायचा हे त्यांना माहीत होते. लांब कयाक २६ किलो, आखूड कयाक २२ किलो, दोन दांड्या मिळून ६ किलो आणि कयाक कुशीवर उभी ठेवणाऱ्या जे-क्रेडलच्या दोन जोड्या ६ किलो, असा एकूण भार ६० किलो झाला. मर्यादेच्या आत दहा किलोंची मोकळीक होती, आणि त्या मोकळिकीने सगळे निश्चिंत झाले.

आदल्या संध्याकाळची जोडणी

सेडानच्या मालकाने रॅक एकट्याने बसवला. दांड्या आणि पाय त्याच्या आधीच्या गाडीचे होते. अशा रॅकमध्ये पाय सर्व गाड्यांना सारखेच चालतात, परंतु छताला टेकणारे रबरी पॅड आणि दरवाजाच्या कडेला अडकणारी पट्टी हे फिटिंग किट प्रत्येक मॉडेलच्या छताच्या वळणानुसार वेगळे असते. नवी गाडी त्याच मॉडेलची पुढची आवृत्ती होती, त्यामुळे जुने किट चालेल असे त्याला वाटले. ते बसलेही. केवळ पुढच्या दांडीच्या डाव्या पॅडच्या बाहेरच्या कडेखाली नख जाईल एवढी फट राहिली होती. ती त्याला दिसली होती. त्याने क्लॅम्पचा स्क्रू आणखी थोडा आवळला, फट अर्धी झाली आणि काम तिथे थांबले.

या प्रकरणातील पहिला निर्णयबिंदू हाच आहे. स्क्रू आवळल्याने फट कमी होते याचा अर्थ पॅड छताशी जुळला असा होत नाही. रबर दबले आणि पायाची पकड एका कडेवर एकवटली, एवढाच त्याचा अर्थ असतो. पॅड पूर्ण टेकला तर घर्षण पसरून मिळते, कडेवर टेकला तर रबर हळूहळू लोळते आणि सरकते. त्यातच पॅड बसवण्यापूर्वी छत पुसलेले नव्हते. रॅक काढल्यावर त्या जागी धुळीचा बारीक थर आणि रंगावर अर्धचंद्राच्या आकाराचा ओरखडा दिसला, आणि पॅडचा कोणता भाग प्रत्यक्षात टेकत होता हे त्या ओरखड्यानेच दाखवून दिले.

कयाक बांधण्याचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी गटातील ज्येष्ठ प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली झाले आणि त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. त्यांनी कॅम बकलचे पट्टे वापरले, ज्यांत पट्टा हाताने ओढायचा असतो आणि खटका सोडला की बकलचे दाते तो धरून ठेवतात. दांडा पुन्हापुन्हा हलवून आवळायच्या रॅचेटच्या पट्ट्यांनी हाताच्या ताकदीच्या कितीतरी पट ताण देता येतो, आणि त्या ताणाने फायबरग्लासला तडा जातो किंवा पॉलिथिलीनचे बूड आत दबते, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. पट्टे पॉलिएस्टरचे होते, कारण नायलॉन भिजल्यावर ताणले जाते. प्रत्येक पट्टा दांडीच्या खालून, पायाच्या आतल्या बाजूने घेतला होता, जेणेकरून तो दांडीच्या टोकाकडून निसटू नये. बकलखाली रबरी तुकडा होता. कॉकपिटवर आवरण होते, म्हणजे पाऊस आला तरी पाणी साचून वजन वाढणार नव्हते.

कयाकची पुढची आणि मागची टोके थेट गाडीला बांधणाऱ्या दोऱ्या मात्र बांधल्या नाहीत. सेडानच्या पुढच्या बंपरला दोरी अडकवण्याजोगे काही नव्हते. गाडी ओढून नेण्यासाठी स्क्रूने बसवायचा टो हुक डिकीतील हत्यारांच्या पिशवीत होता, परंतु बंपरवरील छोटे झाकण उघडून तो बसवण्याचा खटाटोप ८० किलोमीटरांसाठी कशाला, असा विचार झाला. प्रशिक्षकांनी एकदा विचारले, मालकाने रस्ता चांगला असल्याचे सांगितले, आणि विषय संपला.

निघण्यापूर्वी नेहमीची चाचणी झाली: कयाकचे टोक धरून हलवायचे आणि कयाक एकटी न हलता सगळी गाडी स्प्रिंगांवर डोलते का ते पाहायचे. गाडी डोलली. ही चाचणी चांगली आहे, पण टोक डावीकडे-उजवीकडेच हलवले गेले. पुढे-मागे कोणी ढकलून पाहिले नाही. पुढे बिघाड नेमका त्याच दिशेने झाला.

अडचण

पहिल्या पंधरा किलोमीटरनंतर गट ठरल्याप्रमाणे थांबला. लांब कयाकच्या पुढच्या पट्ट्यातून सतत घुंई असा आवाज येत होता; सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो तेव्हा तसे होते आणि त्याला एक-दोन पीळ दिले की तो थांबतो. पीळ दिले, आवाज थांबला. चारही पट्टे तपासले. आखूड कयाकचा एक पट्टा किंचित ढिला होता, कारण उन्हाने तापलेले पॉलिथिलीन नरम पडते आणि पट्ट्याखाली थोडे दबते. तो पुन्हा ओढला. रॅकच्या पायांकडे कोणी पाहिले नाही.

नंतरचा रस्ता मोकळा होता. सत्तरवर चाललेली गाडी नव्वदवर गेली. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ७० वरून ९० वर जाताना वेग तीस टक्क्यांहून कमी वाढतो आणि दाब मात्र सुमारे ६५ टक्क्यांनी. नव्वदच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला २५ मीटरला, समोरच्या प्रत्येक चौरस मीटरमागे हा दाब जवळजवळ ३८ किलो भाराएवढा होतो. कयाकचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ लहान असल्याने हा आकडा एकट्याने घाबरवणारा नाही; परंतु जे-क्रेडलमध्ये कुशीवर उभ्या ठेवलेल्या लांब कयाकची बाजू मोठी असते, आणि समोरून मोठा ट्रक गेला की त्याच्या पुढे ढकलली जाणारी हवा आधी एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला धक्का देते.

असे दोन-तीन ट्रक गेल्यावर टक, टक असा कोरडा आवाज येऊ लागला. पट्ट्याची घुंई थांबलेली नसती तर तो बहुधा ऐकूच आला नसता. काही वेळाने विंडस्क्रीनमधून दिसणारे कयाकचे नाक डावीकडे वळल्यासारखे वाटू लागले.

चालकाने एकदम ब्रेक लावला नाही. छतावरच्या भाराला ब्रेकच्या वेळी पुढे जायचे असते. जोरात ब्रेक लावल्यास मिळून ४८ किलोंच्या दोन कयाक जवळजवळ चाळीस किलोंच्या जोराने पुढे ओढ घेतात. त्याने इशाऱ्याचे दिवे लावले, वेग हळूहळू चाळीसपर्यंत आणला आणि सुमारे तीन किलोमीटरवर रुंद, सुरक्षित जागा मिळाल्यावर गाडी बाजूला घेतली. हे तीन किलोमीटर चालवायला हवे होते का, यावर गटात नंतर मतभेद झाले. माझ्या मते ते योग्य होते: भरधाव रस्त्याच्या कडेला छतावर चढून काम करणाऱ्याचा धोका हा मंद गतीने जाणाऱ्या सैल रॅकपेक्षा मोठा असतो. नाक डोळ्यांदेखत सरकत राहिले असते तर उत्तर वेगळे असते.

थांबल्यावर मालकाने प्रथम पट्ट्यांनाच हात लावला आणि तो गोंधळला. "सर, पट्टे तर घट्टच आहेत. मग हलतंय काय?" त्यावर प्रशिक्षक म्हणाले, "अरे, पट्टे नको बघूस, दांडी बघ."

पुढच्या दांडीचा डावा पाय सुमारे तीन सेंटीमीटर मागे सरकला होता, उजवा जागेवर होता. दांडी तिरकी झाली होती आणि तिच्यावरचा क्रेडल कयाकचे नाक डावीकडे ढकलत होता. कयाक दांडीला घट्ट बांधलेली होती आणि दांडी गाडीला नीट बांधलेली नव्हती. पट्टे कितीही चांगले असले तरी दांडी निघाल्यास ते कयाकला दांडीसकट रस्त्यावर जाऊ देतात. कयाकला थेट गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे टोकांच्या दोऱ्या, आणि त्या नव्हत्या.

विचारात घेतलेले पर्याय

पुढे अजून ४० किलोमीटर जायचे होते आणि दुसरी गाडी बरीच पुढे गेली होती. सर्वात मोहक पर्याय अर्थातच दांडी सरळ करणे, स्क्रू आवळणे, टो हुक बसवून टोकांच्या दोऱ्या बांधणे आणि पन्नासच्या वेगाने सावकाश जाणे हा होता. मालकाचा कल इकडे होता आणि त्याचा मुद्दा अगदीच फोल नव्हता: दोऱ्यांमुळे दांडी सरकली तरी कयाक सुटली नसती. परंतु न जुळणारा पॅड आवळून जुळत नाही हे आदल्या संध्याकाळी झालेलेच होते, आणि आता तर रबराची कड फाटली होती. शिवाय दोऱ्यांचे काम आधाराचे असते. मुख्य पकड सैल असल्याचे माहीत असताना सगळा भार त्यांच्यावर सोपवणे म्हणजे दुसऱ्या बचावाला पहिला बनवणे होते. सैल पडलेली पुढची दोरी चाकाखाली गेली तर ती कयाकचे नाक खाली खेचून मोडते, हाही धोका प्रशिक्षकांनी बोलून दाखवला.

आखूड कयाक तिथेच ठेवून लांब कयाक दोन्ही दांड्यांच्या मधोमध, पालथी आणि सपाट बांधून नेण्याचाही विचार झाला. त्याने वजन आणि वाऱ्याला मिळणारी बाजू दोन्ही घटली असती, पाय मात्र तोच राहिला असता. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

तिसरा पर्याय दुसरी गाडी परत बोलावून तिन्ही कयाक तिच्यावर चढवण्याचा होता. फोनवर कोणीतरी लगेच बेरीज केली: २६, २२ आणि २३ मिळून ७१ किलो, त्या गाडीची मर्यादा ७५, म्हणजे बसते. ही बेरीज अपुरी होती. दांड्यांचे सहा किलो धरताच आकडा ७७ वर जातो आणि क्रेडल त्यावर वेगळे. मॅन्युअलमधील मर्यादा ही चालत्या गाडीसाठी असते आणि छतावर ठेवलेली प्रत्येक वस्तू तीत मोजावी लागते. गाडी उभी असताना छत याहून कितीतरी जास्त भार पेलते, म्हणून "दोन माणसे चढली तरी काही होत नाही" हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

उरला तो सर्वात कंटाळवाणा पर्याय: दुसऱ्या गाडीने दोन फेऱ्या करायच्या आणि सेडानच्या छतावर काहीही ठेवायचे नाही.

प्रत्यक्ष कृती

प्रशिक्षकांनी चौथा पर्याय निवडला. मालक नाराज होता, कारण दुसरी गाडी येईपर्यंत थांबायचे आणि मग पुन्हा फेरीची वाट पाहायची म्हणजे त्या दिवशीचे वल्हवणे गेल्यातच जमा होते.

वाट पाहताना त्यांनी दोन्ही कयाक खाली उतरवल्या, रॅक काढून डिकीत ठेवला आणि चारही पायांखालच्या छताचे फोटो काढले. हे फोटो पुढे फार उपयोगी पडले, कारण पॅडचा कोणता भाग टेकत होता ते त्यांतच स्पष्ट दिसले. अशा वेळी बहुतेक जण आधी दुरुस्ती करतात आणि मग काय बिघडले होते ते आठवत बसतात.

दुसऱ्या गाडीवर लांब कयाक चढवताना प्रशिक्षकांनी दोन्ही दांड्यांचे पाय पुढे-मागे जोर लावून तपासले आणि क्रेडल अशा जागी सरकवले की पट्टे कयाकच्या आतल्या आडव्या पडद्यांजवळ येतील. तिथे बूड सर्वात ताठ असते. टोकांच्या दोऱ्या या वेळी बांधल्या. पुढची दोरी गाडीच्या टो हुकला, मागची मागच्या हुकला. त्या कयाकच्या टोकाच्या उचलायच्या मुठीला न बांधता डेकवरील पक्क्या कड्यांना बांधल्या, कारण बऱ्याच कयाकच्या मुठी बारीक दोरीवरच लटकलेल्या असतात. त्यांना सैलपणा जाईल इतकाच ताण दिला. पुढची दोरी जोरात आवळली तर लांब कयाक दांडीवर धनुष्यासारखी वाकते आणि तडा जाण्याची भीती असते. दोरीचे उरलेले टोक गुंडाळून अडकवले, म्हणजे गाठ सुटली तरी ते चाकापर्यंत पोहोचू नये.

निघाल्यावर पाच किलोमीटरवर आणि नंतर पुन्हा एकदा थांबून तपासणी झाली. वेग सत्तरच्या वर गेला नाही.

परिणाम

लांब कयाक आणि दुसऱ्या गाडीवरची मूळची कयाक दुपारी पोहोचल्या, उरलेली आखूड कयाक संध्याकाळी. कोणालाही इजा झाली नाही आणि त्या दिवशी कोणी पाण्यात उतरले नाही. सेडानच्या छतावरील ओरखडा रंगापुरताच होता.

लांब कयाकच्या जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरावर, पुढचा क्रेडल टेकत होता त्या जागी, केसासारख्या तीन बारीक रेषा नंतर सापडल्या. त्या या प्रवासातल्या की आधीच्या हे ठरवता आले नाही, कारण निघण्यापूर्वी कयाक नीट न्याहाळली गेली नव्हती. खालचे फायबर शाबूत होते. रेषा घासून भरून घेण्यावर भागले.

मालकाने नव्या मॉडेलचे योग्य किट मागवले. ते बसवल्यावर चारही पॅड पूर्ण टेकले, आणि विंडस्क्रीनच्या वरच्या कडेपासून पुढच्या दांडीचे जे अंतर सूचनापत्रकात दिले होते ते त्याने जुन्या जोडणीच्या फोटोवरून ताडून पाहिले तेव्हा जुनी दांडी मुळातच चार सेंटीमीटर पुढे, छत जास्त उतरते तिथे बसवलेली असल्याचे आढळले. म्हणजे किट चुकीचे होते आणि जागाही चुकीची होती. यातले एकच असते तर दांडी कदाचित टिकली असती, आणि गटाची पद्धत बरोबर असल्याचा समज आणखी पक्का झाला असता.

वेगळे काय करता आले असते

गटाच्या चर्चेत सर्वाधिक वेळ टोकांच्या दोऱ्यांवर गेला, माझ्या मते काहीसा अकारण. दोऱ्या बांधायला हव्या होत्याच; पण दोऱ्या असत्या तर दांडी सरकली नसती असे नाही, आणि कदाचित सरकलेली लक्षातही उशिरा आली असती. मूळ निर्णय दोन होते: लांब कयाक कोणत्या गाडीवर आणि पॅडखालच्या फटीचे काय करायचे. पहिला प्रश्न पाच मिनिटांत मापपट्टीने सुटला असता. गाडीची लांबी न पाहता दांड्यांमधील अंतर पाहायचे आणि सर्वात लांब कयाक सर्वात जास्त अंतराच्या रॅकवर ठेवायची. दुसरा प्रश्न त्या संध्याकाळी प्रशिक्षकांना फोन करूनही सुटला असता, परंतु मालकाला ती फट विचारण्याइतकी मोठी वाटली नाही. जोडणी एकाने आणि बांधणी दुसऱ्याने केली तर दोघांच्या मधला सांधा कोणाच्याच वाट्याला येत नाही, आणि हे कामाच्या वाटपातच ठरून गेले होते.

गटाने त्यानंतर एक साधी सवय लावून घेतली आहे. रॅक बसवल्यावर प्रत्येक पॅडच्या कडेला लागून छतावर कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावतात. पॅड दोन-तीन मिलिमीटर जरी सरकला तरी पट्टी आणि रबर यांच्यात फट दिसते किंवा पट्टी चुरगळते, आणि थांब्यावर पट्ट्यांना हात लावण्याआधी नजर तिकडे जाते. क्लॅम्प आता अंदाजाने न आवळता सूचनापत्रकात दिलेल्या मापाला, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने आवळतात. हलवून पाहण्याची चाचणी पुढे-मागेही होते, आणि ती करणारा जोडणी करणाऱ्याहून वेगळा असतो.

एका मुद्द्यावर एकमत झालेले नाही. आखूड, जाड पॉलिथिलीनची कयाक रुंद अंतराच्या रॅकवर आणि कमी वेगाने न्यायची असेल तर टोकांच्या दोऱ्या लागत नाहीत, असे गटातील दोघांचे मत आहे, कारण अशी कयाक दांड्यांच्या पुढे फारशी येत नाही आणि वारा तिला तरफेसारखा उचलू शकत नाही. प्रशिक्षकांनी ते फेटाळले. त्यांचे म्हणणे असे, की दोरीचा उपयोग वाऱ्यापुरता नाही, रॅकच निघाला तर कयाकला गाडीशी धरून ठेवण्यासाठी ती असते, आणि रॅक निघताना तो वरच्या कयाकची लांबी पाहत नाही. मला त्यांचे म्हणणे पटते, विशेषतः क्लॅम्पवर टिकणाऱ्या रॅकच्या बाबतीत. सेडानचा टो हुक आता डिकीतील पिशवीत नसतो. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळीच तो बंपरवर बसवला जातो.